कार्डाबाहेरचा हिशेब

गोल्फ आम्ही कधी खेळलो नाही, पुढे खेळू असेही नाही. उर्दू शाळेतल्या मास्तराचा ह्या खेळाशी संबंध तो काय! पण आमचा एक जुना विद्यार्थी मुंबईतल्या एका क्लबात कॅडी आहे. खेळणाऱ्यांच्या काठ्यांची पिशवी वाहतो. ईदला शीरखुर्मा घ्यायला आला आणि एक गोष्ट सांगून गेला.

एका साहेबांचा चेंडू झुडपापाशी पडला होता. काठी टेकवताना तो जरासा हलला. "सर, कोणीसुद्धा पाहिलं नव्हतं," पोरगा म्हणाला. साहेबांनी स्वतःहून सोबत्यांना सांगितले आणि कार्डावर एक फटका वाढवून घेतला. पुढे त्यांचा चेंडू गवतात हरवला. पोराला सापडला नाही, तेव्हा त्यांनी त्याच्या मजुरीतून चेंडूचे पैसे कापले.

"हा माणूस इमानदार की बेइमान, सर?"

ह्या खेळात सहसा पंच सोबत फिरत नाही. आपला गुन्हा आपणच कबूल करायचा. १९२५ च्या अमेरिकन ओपनमध्ये बॉबी जोन्सने असाच, इतर कोणाच्या ध्यानात न आलेला, एक फटका स्वतःवर लावून घेतला. चार फेऱ्यांनंतर बरोबरी झाली आणि जादा खेळात तो हरला. तो फटका लपवला असता तर अजिंक्यपद त्याचेच होते. असा खेळ वर्गात शिकवावा, असे आम्हांला मनापासून वाटते.

म्हणून साहेबांना आम्ही बेइमान म्हणणार नाही. आम्हांला खटकले ते पोराचे वाक्य. कोणी पाहिले नव्हते? अरे, तू तिथेच उभा होतास ना! साहेबांनी त्याला साक्षीदारांत धरले नाही, हे एक वेळ समजू. त्याने स्वतःही स्वतःला धरले नाही. दिल्लीचा अली शेर असाच कॅडी होता. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरला. त्याचे नाव आम्ही अभिमानाने घेतो. पण पिशवी वाहणारा दिसण्यासाठी त्याने आधी अजिंक्यपद मिळवायचे, ही अट कोणी घातली?

आम्ही राहतो नवी मुंबईत. खारघरला डोंगराच्या कुशीत सिडकोचे गोल्फ मैदान आहे. पैसे भरून कोणालाही खेळता येते. तारेबाहेरून पाहिले की वाटते, हे हिरवे गवत अनादी काळापासून असेच असावे. पण १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी घ्यायचे ठरले. कागदावर त्या जमिनी, शेतकऱ्याला ते घर. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण भागात आंदोलन पेटले आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा त्यानंतरचा. तिकडे सीवूड्सला, जिथे फ्लेमिंगो उतरतात त्या पाणथळीवर, गोल्फ मैदान आणि इमारती होणार होत्या. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने ते रोखले, मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथेही जागा म्हणे मोकळीच होती.

आता कोणी म्हणेल, मास्तर, तुमची बिल्डिंग कुठे उभी आहे? सिडकोच्याच प्लॉटवर. घर ही गरज आणि गोल्फ ही हौस, हा फरक आहे आणि तो लहान नाही. शंभर कुटुंबांचे छप्पर आणि चार माणसांची सकाळ एका तराजूत घालू नयेत. तरी घर घेताना आम्ही लिफ्ट पाहिली, पाण्याची वेळ विचारली, मशीद किती लांब तेही विचारले. इथे आधी कोणाचे भात पिकत होते, हे विचारायचे सुचले नाही. रोज हजेरीपटावर एकेक नाव तपासून घेणारे आम्ही.

पोरगा उत्तराची वाट पाहत वाटी पुसून खात होता. आम्ही उलट विचारले, "चेंडू किती रुपयांचा होता?"

त्याने आकडा सांगितला. त्याची दीड दिवसाची मजुरी होती.