ट्यूब नंतर, आधी नीट बघ



तुझं पत्र आणि लेकाच्या पायांचे फोटो मिळाले. पुण्याहून नागावला येऊन बस्तान बसवायचं, पाहुण्यांच्या खोल्या सांभाळायच्या आणि त्यात पोराचं रात्रभर खाजवणं. तुझा जीव मेटाकुटीला आला असणार. ‘मावशी, कोणती ट्यूब लावू ते फक्त सांग,’ असं तू लिहिलंस. आरोग्यसेविकेच्या नोकरीत हाच प्रश्न मी सगळ्यात जास्त ऐकला आणि माझं उत्तर कधी बदललं नाही. कशाची खाज आहे ते कळल्याशिवाय ट्यूब उघडायची नाही.

फोटो मी मोठे करून पाहिले. चड्डीखाली झाकलेलं अंग स्वच्छ आहे. जे काही आहे ते पोटऱ्या, घोटे आणि पावलांच्या वरच्या बाजूला. प्रत्येक गांधीच्या मधोमध सुईच्या टोकाएवढी टोच दिसते आणि जिथे नख लागलं तिथे खपली धरली आहे. हे चावणं आहे. संध्याकाळी सुरूच्या बनाजवळ वाळूत खेळतो म्हणालीस ना? त्या वेळी मुरकुटं उठतात. डोळ्यांना धड दिसत नाहीत, पण घोटे फोडून काढतात. वाडीत दिवसा चावणारे डास आहेत ते वेगळेच.

शेजारच्या मुलांना काही होत नाही आणि ह्यालाच का, म्हणून सासूबाई ‘रक्त खराब आहे’ म्हणतात. त्यांना समजावून सांग, रक्त उत्तम आहे. डास चावताना स्वतःची लाळ आत सोडतो. त्या लाळेला आपलं शरीर परकं समजतं आणि त्या जागी हिस्टामिन सोडतं, म्हणून गांध उठते आणि खाज सुटते. वाडीतल्या मुलांना लहानपणापासून चावून चावून त्या लाळेची सवय झालेली असते. तुझ्या लेकाच्या शरीराला ती नवी आहे. नवा डास चावला की आठवड्यापूर्वीच्या जुन्या पुळ्याही पुन्हा फुलतात, त्यानेही घाबरू नकोस. हळूहळू हे कमी होत जाईल. रक्तशुद्धीच्या बाटल्या मात्र आणू नकोस.

आत्ता करायचं ते साधं आहे. साबणाने पाय धू, थंड पाण्याची घडी दहा मिनिटं ठेव, वर कॅलामाइन लाव. नखं आज रात्रीच काप, अगदी बुडापर्यंत. खरा धोका डासापेक्षा नखांचा असतो. खाजवून कातडी फुटली की पू होतो, मधासारख्या पिवळ्या खपल्या धरतात आणि त्या दुसऱ्या अंगालाही लागतात. तसं झालं, ताप आला किंवा लाली पसरायला लागली तर डॉक्टर. झोप उडत असेल तर रात्रीचं खाजेचं औषध वजनाप्रमाणे डॉक्टरांकडूनच ठरवून घे, मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नकोस. सासूबाई आमसुलाचं पाणी लावतात, ते अंगावर पित्त उठल्यावर लावलं तर लावू दे. फुटलेल्या कातडीवर नको, झोंबेल. बिबा मात्र कुणालाही लावू देऊ नकोस. बिब्याच्या तेलाने भाजलेल्या जखमा मी पाहिल्या आहेत, त्या चावण्यापेक्षा कितीतरी वाईट.

आता ट्यूबचं. घरात अर्धी वापरलेली एक ट्यूब आहे, तिने तुझ्या नवऱ्याचा जांघेतला नायटा ‘लगेच जातो’ पण परत येतो असं लिहिलंस. त्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाच. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन असं काही स्टेरॉइड दिसलं आणि सोबत बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिकही असलं, तर ती मिसळ आहे. स्टेरॉइडने दोन दिवसांत खाज थांबते, लाली विझते, माणूस खूश होतो. आत बुरशी मात्र माजत राहते, कारण तिच्याशी लढणारी कातडीची ताकदच दाबलेली असते. मग चट्टा मोठा होतो, कडा पुसट होतात, डॉक्टरलाही ओळखता येत नाही, कातडी पातळ होऊन पांढऱ्या-जांभळ्या रेघा पडतात आणि त्या रेघा पुढे पुसल्या जात नाहीत. देशभरचे त्वचारोगतज्ज्ञ ह्या मिसळींविरुद्ध कितीतरी वर्षं ओरडत आहेत. २०१८ साली सरकारने अशी बरीच स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरीही दुकानात हात पुढे केला की ट्यूब मिळते, हे तुलाही ठाऊक आहे. मला ह्या गोष्टीची खरी चीड येते. स्टेरॉइड स्वतः शत्रू नव्हे. योग्य डॉक्टरने योग्य जागी मोजके दिवस दिलं तर ते मोठं औषध आहे. पण नायट्यावर नाही आणि लहान मुलाच्या पायावर अंदाजाने तर मुळीच नाही. नवऱ्याला सांग, नायट्याला साधं बुरशीचं औषध डॉक्टर सांगतील तितके आठवडे लावायचं, डाग दिसेनासा झाल्यावरही. ओले कपडे अंगावर वाळवायचे नाहीत आणि त्याचा टॉवेल वेगळा.

खोल्या चालवतेस म्हणून आणखी दोन गोष्टी. पाहुणा सकाळी हातावर एका ओळीत चावे दाखवायला लागला तर गादीची शिवण आणि पलंगाच्या खाचा टॉर्चने बघ. शाईच्या ठिपक्यांसारखे काळे डाग दिसले तर ढेकूण आहेत, लाजू नकोस, लगेच बंदोबस्त कर. आणि घरातल्या दोघा-तिघांना एकदम रात्री खाज सुटली, तीही बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती, तर ती खरूज. डासाची खाज एखाद्यालाच छळते, खरूज सगळ्या घराला. तिच्यासाठी परमेथ्रिनचं मलम मिळतं. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, खाजत असो वा नसो, मानेपासून तळव्यांपर्यंत लावायचं, सकाळी अंघोळ, आठवड्याने पुन्हा एकदा. तान्हं मूल असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. अंथरुणं-कपडे गरम पाण्यात, किंवा पिशवीत बांधून चार-पाच दिवस ठेवायचे. औषध लावल्यानंतरही दोन-तीन आठवडे खाज राहते. म्हणून घाबरून रोज रोज लावत बसू नये.

पहिला पाऊस झाला की ओटीवरच्या दिव्याभोवती मुंगीएवढा, काळ्या-नारिंगी पट्ट्यांचा लांबट किडा येईल. तो चावत नाही. अंगावर चिरडला की त्याचा रस कातडी भाजतो आणि दुसऱ्या दिवशी चटक्याचा पट्टा उमटतो. फुंकर मारून उडवायचा, चुकून चिरडलाच तर तिथेच साबणाने धुवायचं. समुद्रात जेलीफिश लागली तर समुद्राच्याच पाण्याने धू, तंतू काठीने काढ, मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग ठेव.

डासांचं मूळ वाडीतच आहे. नारळाच्या करवंट्या, सुपारीच्या गळलेल्या विऱ्या, ताडपत्रीच्या घड्या, कुंड्यांच्या बशा, ह्यांत साचलेल्या स्वच्छ पाण्यात दिवसा चावणारा डास वाढतो, तोच डेंग्यूचा. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक वार ठरवून सगळं पालथं घाल, टाक्या घासून कोरड्या कर. विहिरीत गप्पी मासे सोड, आरोग्य खात्याकडे मिळतात. संध्याकाळी पोराला पूर्ण बाह्यांचे कपडे घाल. ओटीवर पंखा लाव, मुरकुटं वाऱ्यात टिकत नाहीत. कॉइल लावून दारं-खिडक्या बंद करू नकोस, त्या धुराने त्याची छाती भरेल.

मच्छरदाणी तर हवीच आणि ती गादीखाली खोचलेली. फक्त डासांसाठी नव्हे, मण्यारीसाठीही. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते तेव्हा फारसं दुखतच नाही, किडा चावला असं वाटतं. पहाटे पोटात दुखायला लागतं, उलटी होते, पापण्या जड होतात. अशी तक्रार घेऊन कुणी उठलं तर खूण शोधत बसू नका, गाडी काढा. विंचवाचंही तसंच. चावल्यावर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार असं झालं की क्षण दवडू नका. महाडजवळच्या बिरवाडीत डॉ. हिम्मतराव बावस्करांनी ह्याच लक्षणांचा अभ्यास केला आणि रक्तदाबाचं प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरून आपल्या कोकणातले कितीतरी जीव वाचवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्यामुळे आज उपचार आहे, फक्त वेळेवर पोचायला हवं. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून ओठ-जीभ सुजली, श्वास अडकला, तर तेही लगेचच. नागावहून अलिबागचं जिल्हा रुग्णालय आठ-नऊ किलोमीटरवर आहे आणि रुग्णवाहिकेचा १०८ नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेव, पाहुण्यांच्या खोल्यांतही.

आणि अंगावर कुठेही न दुखणारी काळी खपली, सोबत चार दिवस ताप असेल, तर डॉक्टरला ती खपली दाखवायलाच हवी. गवतातल्या बारीक किड्याने होणारा स्क्रब टायफस असू शकतो. लवकर ओळखला तर साध्या गोळ्यांनी बरा होतो, पण ‘किडा चावला असेल’ म्हणून लोक दाखवतच नाहीत.

डॉक्टरकडे जाताना घरातल्या सगळ्या वापरलेल्या ट्यूबा पिशवीत घालून ने आणि कोणती किती दिवस लावली ते न लाजता सांग. उद्या त्या अर्ध्या ट्यूबच्या मागच्या बाजूचा फोटो पाठव, मी वाचून कळवते. सासूबाईंना नमस्कार, लेकाला पापा.

तुझी,
मावशी