वजनकाट्यावरचं फळ



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ आणि १७.

हे दोन श्लोक ध्यानाच्या अध्यायात येतात. आसन कसं घालावं, दृष्टी कुठे ठेवावी हे सांगता सांगता भगवंत मध्येच जेवणाखाणाकडे वळतात. फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही. फार झोपणाऱ्याला नाही, सतत जागणाऱ्यालाही नाही. ज्याचं खाणं, फिरणं, कामं, झोप आणि जागणं मापात असतं, त्याचा योग दुःख दूर करतो. थोडक्यात आशय हा.

आता तुम्ही म्हणाल, हे तर आजीही सांगायची. बरोबर आहे. पण आज मला या श्लोकांच्या शेजारी दुसऱ्या अध्यायातला कर्मफळाचा विचार ठेवून बघायचाय. कारण गेले काही आठवडे माझ्या डोक्यात एकच प्रश्न फिरतोय. फळाची आशा धरू नये असं आपण रोज वाचतो. मग वजन कमी करायला निघालेल्या माणसाने काय करायचं? तो तर फळासाठीच निघालेला असतो ना!

माझ्यापुरतं हे प्रकरण पुस्तकी नाही. बाबांना बरीच वर्षं मधुमेह आहे. तीन वर्षांपूर्वी पायाची जखम चिघळली आणि त्यांचं एक बोट काढावं लागलं. मागच्या दिवाळीनंतर माझा रिपोर्ट आला, एचबीए१सी ६.१. म्हणजे ५.७ ते ६.४ या मधुमेहाच्या अलीकडच्या पायरीवर मी उभा. वजन ८८ किलो. डॉक्टर म्हणाले, "अजून वेळ आहे, पण हा वेळ फुकट घालवू नका." त्या दिवसापासून रोज सकाळी टेकडीवर पाऊण तास चालणं, रात्रीचं जेवण आठच्या आत आणि ताटात भाताआधी भाजी-आमटी, असं सुरू केलं. पाच महिन्यांत काटा ८१.५ वर आला. आणि गेले सहा आठवडे तो तिथेच थांबलाय. चालणं तेच, ताट तेच, आकडाही तोच.

इथे मन कुरकुरायला लागतं. एवढं करून काय मिळालं? मग आज नाही गेलं टेकडीवर तर काय बिघडणारे?

मंडळी, ही कुरकुर नीट ऐकली तर तिच्यात एक हिशेब दिसतो. मी इतकं दिलं, मला इतकं मिळायला हवं. कर्म हे जणू आगाऊ भरलेलं बिल आणि वजन ही त्याची डिलिव्हरी. गीता नेमकं या हिशेबावर बोट ठेवते. अधिकार कर्मावर आहे. फळावर आपला शिक्का नाही.

आणि गंमत बघा, शरीरशास्त्रही इथे जवळजवळ हेच सांगतं. काटा फक्त चरबी मोजत नाही. रात्री लोणचं-पापड जास्त झालं की मीठ पाणी धरून ठेवतं आणि सकाळी किलोभर वजन वाढलेलं दिसतं. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी, तेवढी एका रात्रीत चढत नाही आणि एका सकाळच्या चालण्याने उतरतही नाही. सुरुवातीला वजन झरझर उतरतं, त्यातही बराच भाग पाण्याचा असतो. पुढे शरीर हलकं झालं की त्याला लागणारी ऊर्जाही कमी होते. चरबी घटली की लेप्टिन हे तृप्तीची खबर देणारं संप्रेरक कमी होतं आणि भूक वाढते. म्हणजे काटा अडकणं हा आळशीपणाचा पुरावा असतोच असं नाही. शरीर आपलं काम करतंय. ताटात काय घ्यायचं आणि पाय उचलायचे की नाही, एवढंच माझ्या हातात. उद्या सकाळचा आकडा माझ्या हातात नाही.

पण इथे एक खरा आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. फळाकडे बघायचंच नाही, तर उपाय चुकतोय हे कळणार कसं? डोळे मिटून चालत राहणं याला निष्काम कर्म म्हणायचं का?

मला वाटतं, नाही. अर्जुनाला बाण सोडताना लक्ष्य बघू नकोस असं कोणी सांगितलं नव्हतं. दिशा लागतेच. सोडायचा असतो तो दावा. वैद्य रोज नाडी बघतो, पण नाडीवर रुसत नाही. ती काय सांगते ते ऐकतो आणि गरज पडली तर औषध बदलतो. काट्याकडे असं बघता येईल का? आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, उपाशीपोटी. महिन्याभराचा कल बघायचा आणि वाटलं तर ताटात बदल करायचा. आकडा ही माहिती आहे. मी चांगला की वाईट याचा निकाल तो देत नाही.

आणि खरं सांगायचं तर फळ कुठे दिसेल हेही आपण ठरवू शकत नाही. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या तीन हजारांहून जास्त लोकांवर एक मोठा अभ्यास झाला, २००२ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. ध्येय साधं होतं. ७ टक्के वजन कमी करायचं आणि आठवड्याला किमान १५० मिनिटं वेगाने चालण्यासारखा व्यायाम. या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत, ५८ टक्क्यांनी कमी निघालं. आता ८८ चे ७ टक्के म्हणजे सहा किलोंच्या थोडं वर. ज्या आकड्यावर माझा काटा 'अडकलाय' म्हणून मी रुसतोय, तिथे ते माप ओलांडूनही झालंय! न वाढलेलं वजन हेही फळच आहे, फक्त ते काट्यावर हललेलं दिसत नाही.

बरं, तत्त्व पटलं. पण सकाळी साडेपाचला तत्त्व अंथरुणातून उठवत नाही, त्याचं काय?

यासाठी एक जुनी गोष्ट सांगतो. बौद्धांच्या संयुत्त निकायात कोसल देशाच्या पसेनदी राजाची कथा आहे. राजा द्रोणभर भात खायचा. एकदा असाच भरपेट जेवून, धापा टाकत तो बुद्धांच्या भेटीला आला. बुद्धांनी त्याला टोमणा मारला नाही. जो सावधपणे आणि मापात जेवतो त्याचं दुखणं कमी होतं आणि म्हातारपण हळू येतं, अशा अर्थाची एक गाथा तेवढी म्हटली. राजाच्या मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला सांगितलं, ही गाथा पाठ कर आणि मी जेवायला बसलो की रोज म्हणून दाखव. यासाठी त्याला दिवसाला शंभर कार्षापण ठरवून दिले. हळूहळू राजाचं जेवण एका नाळीवर आलं. नाळी म्हणजे द्रोणापेक्षा कितीतरी लहान माप.

मला या कथेतला राजा फार आवडतो. अख्ख्या सैन्याला हुकूम देणारा माणूस, पण ताटाकडे जाणारा आपला हात आपलं ऐकेलच याची खात्री त्याने धरली नाही. रोज नव्याने प्रेरणा येईल, याची वाटही बघितली नाही. मन विसरणार हे गृहीत धरून त्याने आठवण करून देणारा माणूस नेमला. आणि बदल झाला तोही हळूहळू.

वारीतही हेच तर होतं. आळंदी ते पंढरपूर साधारण २५० किलोमीटर. दिवेघाट चढताना 'आज मूड आहे का?' असं कोणी विचारत नाही. पालखी निघाली की दिंडी निघते आणि दिंडी निघाली की आपले पाय निघतात. एकट्याला जड जाणारं अंतर सोबत्यांच्या टाळावर सरतं. म्हणून आपापला सुदस्सन शोधा. दाराशी काढून ठेवलेले बूट असतील, सहा वाजता खाली येऊन हाक मारणारा शेजारी असेल, किंवा "भात नंतर हं" म्हणणारी बायको असेल.

एखादा दिवस सुटला तर? सहाव्याच अध्यायात पुढे, २६व्या श्लोकात, मन जिथे जिथे भटकेल तिथून त्याला परत आणायला सांगितलंय. ते भटकणार हे त्यात धरलेलंच आहे. परत येणं हाच अभ्यास. सुटलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी कडकडीत उपाशी राहणं हे मात्र त्यात बसत नाही. शरीराला पीडणाऱ्या घोर तपाला सतराव्या अध्यायात भगवंतांनी आसुरी म्हटलंय. आणि आपली 'एकादशी दुप्पट खाशी' तर आपण सगळे जाणतोच! साबुदाण्याची खिचडी दोन वाट्या खाऊन वजन उतरत नसतं. ज्यांना साखरेच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी उपास डॉक्टरांना विचारूनच करावा. रात्रपाळीवाल्यांनी झोपेकडेही बघावं, कमी झोपेने भूक वाढते. सतराव्या श्लोकात झोप उगाच आलेली नाही.

एक नाजूक गोष्ट राहिली. आई पुरणपोळीवर तुपाची धार धरते तेव्हा 'नको' कसं म्हणायचं? मला असं उमगलंय की प्रसाद मापाने मोठा होत नाही. तळहातावर मावेल तेवढाच शिरा देवळात मिळतो आणि आपण तो डोळ्यांना लावून घेतो. आईला म्हणावं, "अर्धीच दे गं, पण तुझ्या हातची दे." प्रेमाचा मान राहतो आणि पोटाचाही.

आणि हे सगळं कशासाठी? सडपातळ फोटोसाठी केलं तर फोटो निघाला की संपेल. बाबांचा पाय बघून भीतीने केलं तर भीती ओसरली की संपेल. पण हा देह सेवेसाठी मिळालेलं साधन आहे, उद्या बाबांना हात धरून दवाखान्याच्या पायऱ्या चढवायच्या आहेत, लेकीला खांद्यावर घेऊन रिंगण दाखवायचंय, असं धरलं की चालणंच पूजेचा भाग होतं. पूजा झाल्यावर आपण देवाला आजची पावती मागत नाही.

आजचा संकल्प : येते सात दिवस काट्यावर उभं राहायचं नाही. रोज अर्धा तास चालायचं आणि पहिला घास घेण्याआधी एकदा नाम घ्यायचं. आठव्या दिवशी काटा जो आकडा दाखवेल तो वाचायचा, वहीत लिहायचा आणि बूट घालून बाहेर पडायचं.

राम कृष्ण हरी.