गाण्याचे मार्क

दहावीच्या निकालात शास्त्रीय गायन-वादनाच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात. त्यामुळे आमच्या भिवंडीतही पेटी-तबल्याच्या क्लासची चौकशी करताना पालकांचा पहिला प्रश्न असतो, ‘मार्क किती वाढतील?’ मला या प्रश्नाचा राग येत नाही. लूमवर बारा तासांची पाळी करणारा बाप फीचा हिशेब विचारणारच.

पण हिशेब मांडायचा तर पुरता मांडू. मोझार्ट ऐकून बुद्धी वाढते, असा गवगवा १९९३ मध्ये झाला. मूळ प्रयोग कॉलेजच्या ३६ विद्यार्थ्यांवरचा होता आणि परिणाम जेमतेम १०-१५ मिनिटं टिकला. २००४ मध्ये शेलेनबर्ग या संशोधकाने टोरोंटोत सहा वर्षांच्या मुलांना वर्षभर संगीताचे धडे दिले. त्यांचा बुद्ध्यांक इतरांपेक्षा वाढला, पण थोडासाच. नुसते मार्कच हवे असतील, तर गणिताची शिकवणी बरी.

मग गाणं कशाला? लूमच्या खटखटाटात आम्ही सगळे ओरडून बोलतो. ऐकायला कुणी शिकवत नाही. तबल्यासोबत गाणाऱ्या पोराला समेवर यायचं, तर दुसऱ्याचं ऐकावंच लागतं. सम चुकली, तरी पुढच्या आवर्तनात ती पुन्हा येते. इतकी माया दहावीचा निकाल दाखवत नाही.

कबीर विणकरच होते. माग आणि गाणं एका घरात नांदू शकतं. म्हणून दहावीनंतर पेटीवर कापड टाकण्याआधी पोराला एवढंच विचारा, ‘तुला गावंसं वाटतं का?’