किती मिलिमीटर?

बातमीदार तो बातमीदार, त्याला विज्ञान आणि पर्यावरण पत्रकारितेचे वेगळे विद्यापीठीय शिक्षण हवेच कशाला, हा सवाल पत्रकारितेवरच्या परिसंवादांत हटकून येतो आणि हटकून टाळ्या घेतो. नाक हवे, पायपीट हवी, माणसे जोडता यायला हवीत; बाकीचे विचारून घेता येते, असा युक्तिवाद. ऐकायला झकास आहे. पण तो करणाऱ्यांच्याच पानांवर दर पावसाळ्यात चार-सहा ‘ढगफुटी’ होतात. हवामानशास्त्राच्या हिशेबात वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत तासाभरात 100 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस कोसळला तर ती ढगफुटी. महसूल खात्याची अतिवृष्टी निराळी: मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरहून अधिक नोंद झाली की अतिवृष्टी, मग पंचनामे. एक तास आणि एक दिवस यांतले अंतर मथळ्यात वाहून जाते. शब्दांचा कीस पाडतोय असे कुणी म्हणेल. पण ढगफुटी ही आभाळाची करणी. तिथे दोष कुणालाच देता येत नाही. दिवसभरातल्या 70 मिलिमीटरने बाजारपेठेत कमरेइतके पाणी चढले असेल, तर जाब विचारायचा तो नालेसफाईच्या ठेकेदाराला, ओढ्यावर स्लॅब टाकणाऱ्याला आणि त्याच्या नकाशावर शिक्का मारणाऱ्याला. एक चुकीचा शब्द तिघांनाही निर्दोष सोडतो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, कुलाब्याला 73. मुंबईत किती पाऊस झाला, या प्रश्नाला त्या दिवशी एक उत्तर नव्हतेच. (जाता जाता: 1832 साली ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर गणित शिकवत आणि कुलाब्याच्या वेधशाळेचे कामही पाहत. 6 जानेवारीला त्यांच्या तसबिरीला हार घालताना वेधशाळा कुणाला आठवत नाही.)

तेव्हा शिक्षणाच्या बाजूने उभे राहायला फार कष्ट पडत नाहीत. 22 जुलै 2021 च्या महापुरानंतर चिपळुणात निळ्या आणि लाल पूररेषांवरून रान उठले. निळी रेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. ‘शंभर वर्षांतून एकदा’ असे छापले की वाचक निर्धास्त होतो. पुढचा पूर आता पतवंडे बघतील. प्रत्यक्षात त्याचा अर्थ, दर वर्षी शंभरात एक शक्यता, आणि गेल्या वर्षीच्या पुराने यंदाची शक्यता तसूभरही कमी होत नाही. आता 20 वर्षांचे गृहकर्ज काढून कुणी बरोबर निळ्या रेषेवरचे घर घेतले, तर हप्ते फिटण्याआधी एकदा तरी पाणी उंबऱ्याला लागण्याची शक्यता 56 टक्के निघते. लाल रेषेवर 18 टक्के. हेही हवामान पूर्वीसारखेच राहील असे धरून. कॉलेजातल्या पहिल्या वर्षाच्या गणिताने सुटणारे हे उदाहरण आहे, पण ते पहिल्या पानावर कुणी सोडवत नाही, आणि रविवारच्या पुरवणीत नदीच्या देखाव्याची अर्धे पान जाहिरात मात्र असते.

प्रतिपक्षाकडे हुकमाचा एक्का आहे आणि तो राजकुमार केसवानी. भोपाळच्या या पत्रकाराने 1982 साली ‘रपट’ या आपल्या छोट्या हिंदी साप्ताहिकात युनियन कार्बाइडच्या कारखान्याबद्दल लागोपाठ लेख लिहून शहराला सावध केले. जून 1984 मध्ये ‘जनसत्ता’त पुन्हा लिहिले. 2 डिसेंबरच्या रात्री टाकीतून विषारी वायू सुटायला तेव्हा सहा महिनेही उरले नव्हते. केसवानी रसायनशास्त्रज्ञ नव्हते, विज्ञान पत्रकारितेचा कुठलाही वर्ग त्यांनी गाठला नव्हता. मग काय राहिले तुमच्या अभ्यासक्रमात, असा प्रश्न येतो. राहिले ते असे. केसवानींनी नेमके काय केले ते पाहा. डिसेंबर 1981 मध्ये फॉस्जीनच्या गळतीत एक कामगार दगावला, तिथून त्यांनी धागा पकडला. एरवी ही आतल्या पानावरची तीन ओळींची अपघाताची बातमी. त्यांनी महिनोन् महिने घालवले; फॉस्जीन म्हणजे काय हे वाचले, तो कशासाठी लागतो हे शोधले, कामगारांशी बोलले, आणि कंपनीच्याच अमेरिकी तज्ज्ञांनी मे 1982 मध्ये केलेल्या सुरक्षा तपासणीचा अहवाल मिळवला. त्या अहवालात काय लिहिले आहे हे त्यांना कळले, आणि काय लिहिलेले नाही हेही. फॉस्जीनपासून पुढे बनणाऱ्या मिथिल आयसोसायनेटची वाफ हवेच्या जवळपास दुप्पट जड असते; ती वर न जाता जमिनीलगत पसरते. कारखान्याच्या भिंतीला लागून उभ्या असलेल्या झोपड्यांना या एका वाक्यातून जो अर्थ येतो, तो नाक आणि पायपीट यांनी कळत नाही. तो वाचून, समजून घेऊनच कळतो. म्हणजे विद्यापीठाने जे शिकवायला हवे होते ते केसवानींनी पदरमोड करून, एकट्याने शिकून घेतले. एखादा माणूस पोहून नदी पार करतो म्हणून पुलाची गरज नाही असे ठरत नाही.

इथवर लिहिल्यावर मात्र माझीच पंचाईत होते. केसवानींना सगळे कळले होते, आणि तरी काही झाले नाही. त्यांच्या गाठीला उत्तम पदवी असती तर काही झाले असते का? नाही. ‘रपट’मधले लेख इतर वृत्तपत्रांच्या टेबलांवर पोचूनही कुणी उचलले नसते, कारण ते खरे की आक्रस्ताळे हे जोखणारे तिथे कोणी नव्हते. निरक्षरता बातमीदाराची नव्हती, डेस्कची होती. विशेष पदवीवाल्यांचे काय होते तेही आपण पाहिले आहे: 2008 च्या अखेरीस सीएनएनने आपला विज्ञान-पर्यावरण विभागच गुंडाळला आणि पुढच्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठाने पृथ्वीविज्ञान व पर्यावरण पत्रकारितेच्या जोडपदवीचे प्रवेश थांबवले, नोकऱ्याच उरल्या नाहीत म्हणून. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझमध्ये (हे दुसरे सांताक्रूझ) 1981 पासून विज्ञानाचे पदवीधरच घेऊन त्यांना लिहायला शिकवतात. आपल्याकडे हा मार्ग मला पुरेसा वाटत नाही. 1928 पासूनचे ‘सृष्टिज्ञान’, 1966 पासूनची मराठी विज्ञान परिषद, ही समजावून सांगणाऱ्यांची थोर परंपरा आपल्यापाशी आहेच. समजावून सांगणे हे मास्तरांचे काम. उलटतपासणी हे बातमीदाराचे. आणि नदीची बातमी ‘पर्यावरण’ या बीटवर येतच नाही. ती वाळूचोरीच्या गुन्ह्यातून, पालिकेच्या निविदेतून, बिल्डरच्या पुरवणीतून येते. वेगळा विशेषज्ञ नेमला की त्याच्या वाट्याला 5 जूनचे पान आणि वर्षभर पक्षी येतात. म्हणून वेगळ्या पदवीचा आग्रह मी सोडतो. हा विषय पत्रकारितेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सक्तीचा हवा, आणि उद्या उपसंपादक होणाऱ्याला तर आधी.

सक्ती म्हटल्यावर कुणीही हसेल, आणि ते रास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर सगळ्या पदवीधरांना पर्यावरणाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम लागू झाला. त्याचे आपण काय केले? प्लास्टिकच्या फोल्डरमधला प्रकल्प, मुखपृष्ठावर हिरवे पान, आत सायबर कॅफेतून उतरवलेले ‘प्रदूषणाचे प्रकार’. पण हे पाप सक्तीचे नाही, व्याख्या पाठ करून घेण्याचे आहे. पत्रकारितेच्या वर्गात व्याख्या नकोतच. 2006 च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणीआधी पर्यावरण परिणाम मूल्यांकनाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. तो मराठी सारांश आणि मूळ इंग्रजी अहवाल शेजारी ठेवा, तीन तास द्या, आणि सारांशातून काय गळले ते लिहायला सांगा. अहवाल करणाऱ्या सल्लागाराचे पैसे प्रकल्पवालाच देतो, हे प्रश्नपत्रिकेच्या डोक्यावर छापा. मग मोजणी कुठल्या महिन्यांतली ते विचारा. बहुतेक प्रकल्पांना पावसाळा सोडून एकाच हंगामाची मोजणी चालते. कोकणातला ओढा एप्रिलमध्ये मोजला तर तो कोरडाच भरणार, आणि प्रकल्पाच्या जागेत प्रवाह नाही असे लिहिता येणार. ते खोटेही नसते. जनसुनावणीला गेलेला आपला बातमीदार मात्र ‘गोंधळात सुनावणी उधळली’ एवढे लिहून परततो. खुर्च्या किती मोडल्या हे त्याला नीट दिसलेले असते, तक्त्यावरचा महिना दिसलेला नसतो.

विद्यापीठांना हे जमेल तेव्हा जमेल. तोवर वाचकांनी एक करावे. पुढच्या जूनमध्ये मथळ्यात ‘ढगफुटी’ दिसली की त्या वृत्तपत्राच्या कार्यालयात फोन लावावा आणि विचारावे: किती मिलिमीटर, किती तासांत, आणि कुठल्या पर्जन्यमापकावर?