विजेरीचा झोत किती दूर टाकावा?

शाळेची परदेश सहल ही आता केवळ दक्षिण मुंबईची मिरास राहिलेली नाही. आरे कॉलनीच्या आसपासच्या वस्त्यांतूनही चौदा-पंधरा वर्षांच्या मुली सिंगापूरला किंवा फ्लॉरिडाच्या अवकाश केंद्राला जाऊन येतात. खर्चाचा भार पालक कसाबसा पेलतात. ज्यांना पेलवत नाही ते गप्प राहतात. विमान उतरले की 'पोचलीस का, जेवलीस का, बरोबर कोण आहे' अशी सरबत्ती सुरू होते. कित्येक घरांत तर मुलगी या घटकेला कोठे आहे हे मोबाईलच्या नकाशावर पाहण्याची सोयही आधीच केलेली असते. आरेत रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात फ्लॉरिडात सकाळचे साडेअकरा झालेले असतात. आईला निवांतपणा लाभतो नेमका तेव्हाच लेक काहीतरी नवे पाहत असते.

ही काळजी पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. १९५१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालेल्या या दुग्धवसाहतीच्या रानात आजही बिबट्या वावरतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये, ऐन दिवाळीत, त्याने येथे सोळा महिन्यांच्या बालिकेचा बळी घेतला. अंधार पडल्यावर विजेरी घेऊन लेकीला आणायला बसथांब्यावर जाणारा बाप संशयी नव्हे, शहाणा असतो. परंतु तीच विजेरी साता समुद्रांपलीकडे रोखून धरली, तर ती रक्षण करते की पाळत ठेवते?

लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातील कथा आपण दरवर्षी ऐकतो. जेरुसलेमहून परतताना मरिया व योसेफ एक दिवसाची वाट चालून गेले, तोवर बारा वर्षांचा येशू सोबत नाही हे त्यांच्या ध्यानीच आले नाही. आजच्या मोजमापाने हा चक्क हलगर्जीपणा! शुभवर्तमानकार मात्र त्यांना दोष देत नाही. मुलगा आप्तांबरोबर असेल असे त्यांनी गृहीत धरले होते. म्हणजे त्यांची भिस्त एकट्या मुलावर नव्हती, सोबतच्या तांड्यावरही होती. या धाग्याकडे प्रवचनांत फारसे लक्ष दिले जात नाही. आणि तरीही तो तिसऱ्या दिवशी मंदिरात सापडला तेव्हा मरियेने त्याला व्याकूळ होऊन जाब विचारलाच. विश्वास टाकणाऱ्या आईचा जीव टांगणीला लागत नाही असे थोडेच आहे?

संत मोनिकेची गोष्ट याच्या उलट. ती मुलाला सोडायला तयार नव्हती, म्हणून ऑगस्टीनने मित्राला निरोप द्यायचा आहे अशी थाप मारली. आई रात्रभर संत सिप्रियनच्या स्मारकमंदिरात प्रार्थना करीत राहिली आणि इकडे गलबत सुटले.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण पंडिता रमाबाईंचे. त्या आपल्या पंथाच्या नव्हत्या, पण म्हणून काय झाले? १८८६ साली त्या कार्यासाठी अमेरिकेत राहिल्या आणि लहानग्या मनोरमेला त्यांनी इंग्लंडात वाँटेजच्या धर्मभगिनींकडे धाडले. पत्र बोटीने जायचे. सिस्टर जेराल्डाइन यांनी जपलेला तो पत्रव्यवहार १९७७ साली ग्रंथरूपाने निघाला. त्यात मुलीच्या धर्मशिक्षणावरून ही आई भगिनींशी हिरिरीने वाद घालते. लेकीच्या मनात काय पेरले जात आहे, ही तिची चिंता होती. आपण दिवसातून दहा वेळा बोलतो, पण 'जेवलीस का'च्या पुढे क्वचितच जातो.

आणखी एक बोचणारी गोष्ट. मुलाचा दोन दिवस फोन आला नाही, तर 'रमला असेल'. मुलीचा आला नाही, तर 'काय झाले असेल?' मुलींना धोका अधिक असतो हे खरे, पण या धास्तीत लोक काय म्हणतील याचा वाटाही मोठा असतो. तो भार मुलीच्या सामानात का घालावा?

आमच्या मते दिवसाकाठी एक फोन पुरे. त्याची वेळ मुलीने ठरवावी, आणि नकाशावरची ती खूण निघण्यापूर्वी तिच्यासमोरच बंद करावी. एरवी राहवलेच नाही, तर सोबत गेलेल्या शिक्षिकेला विचारावे. तिचा नंबर प्रत्येक पालकाजवळ असतोच.