झाडणाऱ्या हातांचा धर्म

अंगावर ठिगळांचीं वस्त्रें, जवळ मातीचें गाडगें आणि हातांत खराटा, हें गाडगेबाबांचें ध्यान महाराष्ट्राच्या परिचयाचें आहे. गांवांत शिरले कीं ते आधीं रस्ते झाडीत, कीर्तन रात्रीं. पंढरपुरच्या देवळांत १९४७ सालापर्यंत अस्पृश्य म्हणून गणलेल्या भाविकांस प्रवेश नव्हता. त्याच क्षेत्रीं त्या यात्रेकरूंना निवारा मिळावा म्हणून बाबांनीं चोखामेळा धर्मशाळा उभारविली, आणि १९४९ सालीं ती डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. ही त्यांची विठ्ठलपूजा. मोठमोठ्या इमारती उभ्या करविणाऱ्या या पुरुषास कोणी पायां पडलेलें मात्र खपत नसे.

येथवर वाचक सहज मान डोलावतील. माळ, टिळा, दिंडी हें सारें अवडंबर, खरा धर्म अंतरांत, असें म्हणावयाची आम्हां सुशिक्षितांस हौसच असते. परंतु या म्हणण्यांत एक सोईस्कर पळवाट आहे. माळ काढली, टिळा पुसला. त्यांच्या जागीं आम्हीं ठेविलें काय? अंतरांतला धर्म कोणास दिसत नाहीं, म्हणून त्याचा हिशेबही कोणी मागत नाहीं. माळकऱ्याला, निदान अभक्ष्यापुरती तरी, गळ्यांतली माळ टोंचते. आम्हांस टोंचणारें कांहींच उरत नाहीं. शिवाय खराटाही नुसतें चिन्ह होऊं शकतो. छायाचित्रापुरता तो धरणारे हात आपण स्वच्छतेच्या समारंभांतून पाहतोंच.

दुसऱ्यांस कशाला नांवें ठेवूं? एका आषाढी एकादशीस मीं नेहमींपेक्षां लांबलचक पूजा मांडली होती. आमच्याकडे भांडीं घासणाऱ्या बाई महिन्याच्या पैशांसाठीं दाराशीं येऊन उभ्या राहिल्या. नातवाला तापामुळें डॉक्टरांकडे न्यावयाचें आहे, हें त्यांनीं आदल्या दिवशींच सांगितलें होतें. पैसे कोनाड्यांत मोजून ठेवलेले होते. चार पावलें उठावयाचें, एवढेंच. पण पूजा मध्येंच कशी सोडावी, असें मनाशीं म्हणत मीं सहस्रनाम शेवटपर्यंत नेलें, आणि खरें सांगावयाचें तर त्या ऐकत आहेत म्हणून आवाजही थोडा चढविला. उठून पाहतों तों दाराशीं कोणी नव्हतें.

सायंकाळीं पैसे घेऊन मी त्यांच्या घरीं गेलों. शेजाऱ्यांकडून उसने घेऊन त्यांनीं औषध आणलें होतें. मूल झोंपलें होतें. मीं क्षमा मागावयास तोंड उघडलें, तोंच त्या म्हणाल्या, "तुमचा उपवास असेल, बसा जरा, केळें देतें."