कात्रीचा अधिकार

आमच्या पणजीची पैठणी डोंबिवलीच्या घरी ट्रंकेच्या तळाशी मलमलीत गुंडाळून ठेवलेली असते. परवा माझी भाची ती घेऊन पुढ्यात बसली. "मावशी, लग्नाच्या स्वागतसमारंभाला हिचा गाऊन शिवून दे ना. ट्रंकेत जिरण्यापेक्षा अंगावर शोभेल." मी ठाण्याच्या शाळेत शिवण शिकवते, फावल्या वेळी कादंबऱ्या लिहिते, पण त्या दिवशी हातातली कात्री जड झाली.

पैठणीला मुळात सुईच ठाऊक नाही. नऊ वार अखंड वस्त्र. पदरावरचा मोर छापलेला नव्हे की भरलेला नव्हे. रंगारंगांच्या कांड्या हाताने फिरवून, धाग्यात धागा अडकवून विणलेला. म्हणून तो उलटसुलट सारखाच. त्याला कात्री लावणे म्हणजे कुणा विणकराचे दिवस कापणे.

पण आमच्या आजीने दुसरी पैठणी जरीपुराणेवाल्याला दिली होती. जर जाळली की चांदी उरते. त्या चांदीच्या मोलावर वडिलांची मॅट्रिकची फी भरली गेली. आजीला दोष कोण देईल? ती गरज होती, ही हौस आहे. मग गरजेला अधिकार आणि हौसेला नाही, असे म्हणावे काय? पण पैठणी विणली गेली तीच मुळी कुणाच्या तरी हौसेसाठी!

अठराव्या शतकातल्या युरोपात रेशीम महाग आणि शिलाई स्वस्त होती. त्यामुळे तिथल्या शिवणारणी गाऊनचे कापड होता होईतो कापत नसत. पाठीवर खांद्यापासून जमिनीपर्यंत घड्या सोडीत, घेराचे पट काठाला काठ लावून जोडीत आणि टाके सहज उसवतील असे घालीत. पुढे लेकीने, नातीने ते उसवून आपल्या काळाला साजेसे पुन्हा शिवावे. संग्रहालयांतल्या अशा काही गाऊनांवर जुन्या टाक्यांच्या खुणा अजून दिसतात.

मला वाटते, प्रश्न मालकीचा नाही, परतीच्या वाटेचा आहे. आजीपुढे दुसरी वाटच नव्हती. आमच्यापुढे आहे. वारसा जरूर भोगावा. पण आपल्यामागून येणाऱ्याला तो उसवता आला पाहिजे.

"शिवते," मी भाचीला म्हटले, "पण कात्रीशिवाय. नुसत्या चुण्या घालीन. कंबर तुला हवी तशी चोपून बसणार नाही."

ती जरा हिरमुसली. मग म्हणाली, "आणि उसवायचं कुणी?"

"तुझ्या मुलीने."

सुईची भोके मात्र रेशमात राहतीलच. तेवढा अपराध माझ्या नावावर.